विज्ञानकथेचं वार्तापत्र : आता पुढे काय?

मंडळी, आपलं विज्ञानकथेचं वार्तापत्र दिवाळीनंतर बदलणार आहे. पंधरवड्याला येणारा अंक महिन्यातून एकदाच येईल. परदेशी पुरस्कारांच्या याद्या, ओटीटीवरच्या मालिका, ट्रेलर हे सगळं शेवटच्या एका पानावर जाईल आणि प्रत्येक अंकात एक नवी, कुठेही न छापलेली मराठी विज्ञानकथा असेल. लेखकाला रीतसर मानधन देऊन. फक्त बातम्यांसाठी अंक उघडणारे बरेच जण आहेत, त्यांचा हिरमोड होणार हे मला ठाऊक आहे. म्हणूनच जरा सविस्तर लिहितेय.

बातम्या देण्यात कमीपणा काहीच नाही. अमेरिकेतलं 'लोकस' १९६८ साली असंच साधं बातमीपत्र म्हणून सुरू झालं. ब्रिटनमधलं 'अॅन्सिबल' डेव्हिड लँगफर्ड यांनी १९७९ साली सुरू केलं आणि मधली काही वर्षं सोडली तर ते आजही निघतंय. दोन्हींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिकडे कथा छापणारी मासिकं होती, वर्षभर कथा येत होत्या, म्हणून त्यांची खबरबात ठेवणारं कुणीतरी लागत होतं. आपण मात्र दुसऱ्यांच्या घरातल्या बारशाची पत्रिका वाटत बसलो आहोत.

मराठीत विज्ञानकथा येते ती मुख्यतः दिवाळी अंकांत. उन्हाळा संपता संपता संपादकांचे फोन सुरू होतात, पावसाळ्यात कथा हातावेगळी होते, दिवाळीत छापून येते. आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत जवळजवळ शांतता. एकेकाळी 'किर्लोस्कर'सारख्या मासिकात विज्ञानकथा एरवीही वाचायला मिळायची. अनंत अंतरकरांचं 'नवल' तर आपल्या पुण्याचंच. आज एखाद्या मुलीनं फेब्रुवारीत चांगली कथा लिहिली तर ती तिनं द्यायची कुणाला? आणि कथा नाकारली गेली तर ती कुठे फसली हे तिला सांगणार कोण? वार्तापत्रानं करायचं काम मला इथे दिसतं.

एक उदाहरण देते. जुन्नर तालुक्यातल्या एका शिक्षकांनी खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर घडणारी कथा पाठवली. रात्रपाळीवरच्या तंत्रज्ञाला एका डिशवर परग्रहावरून आलेला संकेत सापडतो, आणि तो जगाला सांगावा की नाही या विचारात तो पहाटेपर्यंत बसून राहतो. भाषा सुंदर, वातावरण अस्सल. आमच्या गटात रेडिओ खगोलशास्त्र शिकलेली एक मैत्रीण आहे. तिनं कथा वाचून एकच प्रश्न विचारला, "एकाच डिशला ऐकू आलं? मग बाकीच्या एकोणतीस काय झोपल्या होत्या?"

तिचं म्हणणं असं. जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. १४ मधल्या चौकात जवळजवळ, उरलेल्या १६ तीन बाजूंना दूरवर, गावागावांतून पसरलेल्या. टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. आकाशातून आलेली लहर या सगळ्यांवर पडते, फक्त वेळेच्या अगदी बारीक फरकानं. तो फरक जुळवला की ३० डिश मिळून एक भलीमोठी दुर्बीण होते. जे एकाच डिशला ऐकू येतं ते बहुतेक वेळा आकाशातलं नसतंच. ते शेजारच्या शेतातलं असतं. कुणाचा मोबाइल, मोटारसायकलच्या प्लगची ठिणगी, विजेच्या खांबावरची सैल तार.

सरांनी हे ऐकून घेतलं, चार दिवस घेतले आणि कथा मुळापासून पुन्हा लिहिली. नव्या कथेत खरा संकेत सगळ्याच डिशवर आहे, पण अतिशय क्षीण. तो बुडतोय एका शेतकऱ्याच्या पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरमुळे. थ्री फेज लाइट रात्रीच येते, कांद्याला पाणी आज नाही दिलं तर पीक जातं, आणि तंत्रज्ञाला त्या माणसाच्या बांधावर उभं राहून मोटार तासभर बंद ठेवा म्हणून विनवायचं आहे. "तुमच्या त्या आभाळातल्या पाव्हण्याला सांगा, पाण्याची पाळी संपल्यावर ये म्हणावं," असं तो शेतकरी म्हणतो. हे वाक्य पहिल्या खर्ड्यात असणं शक्यच नव्हतं. ते विज्ञानाच्या आक्षेपातून आलं. शेवट सांगत नाही, नव्या रूपातल्या पहिल्या अंकात ही कथा येतेय.

म्हणून यापुढे प्रत्येक कथा छापण्याआधी त्या त्या विषयातला एक माणूस वाचेल. विज्ञान तपासलं की कल्पनेला लगाम बसतो, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालायला तयार आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

पण कथेनं विज्ञान शिकवलं पाहिजे, ही मागणीही मला मान्य नाही. कथेखाली मुलांसाठी प्रश्न छापा, असं सुचवणारे शिक्षक आणि पालक यांची कळकळ मी समजू शकते. तरीही नाही. आयुष्यभर ज्या विज्ञानकथांनी माझा पिच्छा पुरवला त्यांतलं विज्ञान मी पुढे विसरले, माणसं विसरले नाही.

आणि ती माणसं इथली असावीत, असा माझा आग्रह राहील. पाषाणला मान्सूनचा अभ्यास करणारी आयआयटीएम आहे, विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही याच शहरात आहे, १९९१ साली 'परम' महासंगणक याच गावात तयार झाला. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांची काय दशा झाली हे डोळ्यांनी पाहिलेले आजी-आजोबा अजून आपल्यात आहेत. उद्या खडकवासल्यातून किती पाणी सोडायचं हे एखादा अल्गोरिदम ठरवायला लागला आणि त्याचा निर्णय सिंहगड रोडवरच्या सोसायट्यांना पटला नाही, तर काय होईल? ही कथा मला वाचायची आहे. आपल्या कथेतल्या शास्त्रज्ञानं दर वेळी नासाच्या ह्यूस्टनलाच का जावं?

कथांची निवड नाव झाकून होईल. याला आपल्याकडे फार मोठा दाखला आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली होती. तिला पहिलं बक्षीस मिळालं. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाला आपली कथा केवळ कथा म्हणून जोखली जावी असं वाटलं, मला ही फार मोलाची गोष्ट वाटते. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा कितीतरी वाचकांनी मला लिहिलं, आता मराठी विज्ञानकथेचं कसं होणार? माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे की जे कुणी जगताप आज लिहीत असतील, त्यांची कथा नीट वाचली गेली पाहिजे.

एआयबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या 'क्लार्क्सवर्ल्ड' मासिकाला यंत्रानं लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे कथा घेणंच काही काळ थांबवावं लागलं होतं. आपल्याकडे तशा कथा चालणार नाहीत. निवडलेल्या प्रत्येक लेखकाशी आम्ही फोनवर बोलू, खर्ड्यावर एकत्र बसू. हा त्रास नाही, संपादन याच्याशिवाय होतच नाही.

पैशांचं स्पष्ट बोलते. मानधन द्यायचं तर वर्गणी हवी. वार्षिक वर्गणी ठेवतोय, शाळा-कॉलेजच्या मुलांना अंक मोफत, आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी फक्त एक मेल टाकावी, कारण विचारणार नाही. जाहिराती घेणार नाही. लेखकाला फुकट लिहायला लावून साहित्याची सेवा केल्याचं समाधान मला नको आहे.

जुन्या मासिकांतल्या गाजलेल्या कथांचे स्कॅन टाका, ही मागणी दर अंकानंतर येते. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क असतो, त्यामुळे त्यांतल्या बहुतेक कथा आपल्याला अशाच उचलता येणार नाहीत. वारसांना शोधून, परवानगी आणि मानधन देऊन वर्षाला दोन-तीन कथा आणता आल्या तरी मला आनंद होईल. तुमच्या ओळखीत अशा लेखकांचे कुटुंबीय असतील तर मला मेसेंजरवर कळवा.

कथा अडीच ते पाच हजार शब्दांची असावी, युनिकोडमध्ये टाइप केलेली. फाइलमध्ये कुठेही नाव नको, ते मेलमध्ये लिहा. आवडली किंवा नाही, सहा आठवड्यांत उत्तर येईल आणि नाकारली तर का, हेही त्यात असेल. अणुऊर्जा, शेती, साथीचे रोग आणि हवामान यांतल्या तपासनीसांची मला तातडीनं गरज आहे. कुणी तयार असाल तर खाली लिहा.