उणे ७८

शांतता हवी म्हणून माणूस विजेच्या तारा संपतात त्याच्याही पलीकडे घर बांधतो आणि आठवडाभरात छपरावर चढून मोबाईल आभाळाकडे धरून उभा राहतो. आम्हीही त्याच पंथातले. तसं वायफाय फार लांब नव्हतं. सरळ रेषेत एक किलोमीटरवर ओळखीच्यांकडे वीजही होती आणि इंटरनेटही, आणि ‘घ्या की’ म्हणण्याइतकी ती माणसं भली होती. ते इकडे कसं आणायचं, एवढंच काय ते बाकी होतं.

“सोपं आहे मामा,” भाचा म्हणाला. “त्यांच्याकडे एक डिश अँटेना, आपल्याकडे एक. घरात छोटा राऊटर, छपरावर सोलर पॅनेल, खाली बॅटरी. झालं!” एवढं सांगून तो आपल्या घरी निघून गेला. त्याच्या घरी वीज आहे.

त्या दिवसापासून आमच्याकडे गणिताचा तास सुरू झाला तो अजून सुटलेला नाही. आमच्या बाजूची अँटेना आणि राऊटर मिळून दहा वॉट खातात. दहा वॉट म्हणजे एखादा एलईडी दिवा! पण दिवा रात्री विझवता येतो. हे जोडपं चोवीस तास जागं. म्हणजे दिवसाला २४० वॉट-तास. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १२०० वॉट-तासांची असते, पण तिला वारंवार अर्ध्याखाली उतरवलं तर ती लवकर राम म्हणते. म्हणून हाती उरतात ६००. ऊन रुसलं तर अडीच दिवसांची बेगमी. इन्व्हर्टर आम्ही घेतलाच नाही. बॅटरी १२ व्होल्टची, राऊटरही १२ व्होल्टचा. मधल्या मध्ये २३० करून परत १२ वर आणणाऱ्याला दलाली कशासाठी द्यायची?

पॅनेलचं प्रकरण त्याहून नाजूक. त्याच्या पाठीवर १०० वॉट लिहिलेलं असतं ते त्यातल्या वीज बनवणाऱ्या सेलचं तापमान २५ अंश असताना. भर उन्हात सेल सहज साठ अंशांवर जातो आणि पंचविसाच्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे याला ऊन कडक हवं, पण अंगाला चटका बसता कामा नये. इतके लाड माणसाने मागितले असते तर घरात कुणी ठेवून घेतलं नसतं.

शिवाय सेल एकामागोमाग एक जोडलेले. एकावर सावली पडली की तो अख्ख्या ओळीचा प्रवाह अडवतो. ही माहिती आमच्या कावळ्याला कुठून मिळाली कोण जाणे. तो ऐन दुपारी येऊन पॅनेलच्या वरच्या कडेवर बसतो. बसू दे, त्याची सावली त्याच्याबरोबर उडून जाते. पण मागे जे ठेवून जातो ते खरवडल्याशिवाय हलत नाही. पूर्वी पक्षी दिसला की मी दुर्बीण काढायचो. आता बादली काढतो.

खरा तमाशा झाला तो अँटेना लावताना. मी शिडीवर, बायको खाली मोबाईल घेऊन. सिग्नल उणे आकड्यांत मोजतात हे मी तिला नीट समजावून सांगितलं होतं.

“किती?”

“७८.”

“उणे ना?”

“उणेच. थांबा, ८१ झाला! वाढला, वाढला!”

“अगं, घटला!”

“अहो, ७८ पेक्षा ८१ जास्त असतात.”

“उण्यामध्ये नसतात!”

“मग नुसतं ‘किती’ काय विचारता? ‘किती नाही’ असं विचारा.”

मी पाना घेऊन अँटेना केसभर फिरवली. इथे एक अंश हलला की किलोमीटरभर पलीकडे झोत १७ मीटर सरकतो. त्यातून बोल्ट आवळताना अँटेना बोल्टाबरोबर नेमकी तेवढीच फिरते. मग एका हाताने तिचं मानगूट धरायचं, दुसऱ्याने पाना, आणि शिडी देवाच्या हवाली. शेवटी खालून पडलेल्या आवाजात बातमी आली, “गेलं हो सगळं, ६२ वर आलं!” मी वर आनंदाने ओरडलो आणि खाली तिला वाटलं, मी पडलो.

दोन महिने सुखात गेले. मग मधल्या झाडाला पालवी फुटली.

अँटेना बसवताना ते झाड नुसतं काटक्यांचं होतं, पलीकडचं घर स्वच्छ दिसायचं. पण नुसतं दिसून भागत नाही. दोन अँटेनांमधली मोकळी जागा मृदंगासारखी मध्ये फुगलेली लागते, आमच्या वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना एका किलोमीटरसाठी मध्यभागी तिची त्रिज्या साडेपाच मीटर. हिला फ्रेनेल झोन म्हणतात. फ्रेनेलसाहेब १८२७ मध्ये वारले, रेडिओ येण्याच्या कितीतरी आधी. त्यांनी प्रकाशाचा अभ्यास केला आणि भोगतोय मी. त्यात पानांमध्ये पाणी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. कोवळी, तांबूस, लुसलुशीत पालवी. पाहणारा हरखून जाईल. आमचा आकडा पुन्हा उणे ७८.

झाड तोडायला बायकोचा साफ नकार, आणि झाड आमचंही नव्हतं. म्हणून खांब उंच केला. त्याची सावली पॅनेलवर पडायला लागली. मग तो पॅनेलच्या उत्तरेला हलवला आणि ७८, ८१ चा खेळ पहिल्यापासून मांडला. या खेपेला ती ‘किती नाही’ तेच सांगत होती आणि काम निम्म्या वेळात झालं.

आता इंटरनेट आहे. उघडल्यावर मी पहिल्यांदा हवामान बघतो. तीन दिवस ढगाळ असं दिसलं की रात्री दहाला राऊटर बंद.

घोर लागतो तो पाहुण्यांचा. पिशवी ठेवायच्या आधी चार्जर काढतात. “एवढासा फोन, तो असा कितीसा खाणार?” एक फोन साधारण पंधरा वॉट-तास खातो, म्हणजे आमचा दीड तास. चौघे आले की सहा तास गेले. म्हणून आभाळ भरून आलं असलं की बायको दारातच, हसतमुखाने, पाहुण्यांना फोन किती टक्के आहे ते विचारते. नव्वदच्या वर असेल त्यांना आम्ही मुक्कामाचा आग्रह करतो.