'ग्रुप फोटो' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. 'नाइट वॉच' म्हणजे डच चित्रकार रेम्ब्रांटने 1642मध्ये पूर्ण केलेलं, अ‍ॅमस्टरडॅमच्या नागरी रक्षक पथकाचं चित्र. त्यात समाजाची ओळख दिसते, असं मी लेखात म्हटलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, "पैसेवाल्यांनी वर्गणी काढून केलेला ग्रुप फोटो, त्यात कसली आलीय समाजाची ओळख? सगळं इंटरनेटवरून उचललेलं." एक चूक मान्य करते. चित्रातल्या ढालीवरची पथकातल्या माणसांची 18 नावं रेम्ब्रांटनेच रंगवली, असं मी लिहिलं होतं. ती नंतर घातलेली आहेत. दुरुस्ती केली, आभार.

पण 'उचललेलं'? मी सहा वर्षं नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये राहिले आहे. तिथल्या फ्रान्स हाल्स या चित्रकाराच्या, अशाच एका पथकाच्या 1627च्या मेजवानीच्या चित्रात एक कॅप्टन रिकामा पेला उलटा धरून बसलाय. त्या चित्रासमोरच्या बाकावर मी किती दुपारी काढल्या, ते तुम्हाला ठाऊक नाही. न विचारता असं बोलायची ही कुठली पद्धत?

आता वर्गणी. दिली ना! माणशी साधारण 100 गिल्डर (तेव्हाचं डच चलन), चित्रातल्या जागेप्रमाणे कमी-जास्त, अशी चित्रातल्याच एकाची साक्ष आहे. म्हणून ओळख खोटी ठरते? ही पगारी फौज नव्हती. कापडाचे व्यापारी वगैरे शहरातलीच माणसं, स्वतःच्या खर्चाने हत्यारबंद झालेली. आणि फक्त स्वतःचा चेहरा मिरवायचा असता, तर एकट्याचं चित्र काढून घेऊन घरात टांगता आलं असतं. हे टांगलं क्लोव्हेनिर्सडूलेनमध्ये, पथकांच्या सामाईक दालनात.

आणि ती सोनेरी झग्यातली मुलगी बघा. कमरेला मेलेली कोंबडी, तिच्या नख्या ठळक दिसतात. नखी म्हणजे डचमध्ये 'क्लाऊ', क्लोव्हेनियर म्हणजे या बंदूकधारी पथकाची खूण. तिने एक गिल्डर दिलेला नाही, तरी पथकाचा कॅप्टन बानिंग कॉक याच्या मागे लख्ख उजेड तिच्यावर. उलट पैसे मोजलेले काही चेहरे दुसऱ्याच्या हाताआड अर्धे झाकलेत. फोटोवाल्याने असं केलं असतं तर तुम्ही पैसे दिले असते का? इथे माणसांपेक्षा पथकाची खूण मोठी केली आहे, आणि मी 'ओळख' म्हणते ती हीच. लेखात हे होतं. तिथवर वाचलं नसावंत.

1642पर्यंत ही पथकं शोभेची झाली होती, वसाहतींचा पैसा, वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे या लेखाचे विषयच नाहीत.

ढालीचं वाक्य बदललंय. 'समाजाची ओळख' हे शब्द तसेच राहतील.