फॉर्मवर शुगर लिहायचीच : परदेश प्रवास विम्याच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात सांगलीहून ताईचा फोन आला. सुनेच्या बाळंतपणासाठी ती आणि भावोजी न्यू जर्सीला पाच महिने जाणार आहेत. तिकिटे काढून झाली आहेत आणि प्रवास विम्याचा फॉर्म अर्धा भरून झाला आहे. "ह्यांची शुगर लिहायची नाही ना गं? ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर आलंय, लिहिलं की हप्ता दुप्पट होतो आणि नाही लिहिलं तर कोणी तपासत नाही," असे तिने विचारले. भावोजींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि रक्तदाबाची गोळी ते रोज सकाळी न चुकता घेतात. ताईने वेळेवर विचारले म्हणून बरे झाले, पण त्याच ज्येष्ठ नागरिक संघात परदेशी मुलांकडे जाणारी आणखी कितीतरी जोडपी आहेत आणि ती सगळी कोणाला तरी फोन करून विचारतीलच असे नाही. मी अठ्ठावीस वर्षे सर्वसाधारण विम्याच्या क्लेम विभागात काम केले आहे. असा मजकूर वाचून गप्प बसणे मला शक्य नाही.

फॉरवर्डमध्ये परदेशी जाणाऱ्या आईवडिलांसाठी सात "खास गोष्टी" सांगितल्या आहेत. शुगर-बीपी फॉर्मवर लिहू नका. अमेरिकेत इमर्जन्सीत कायद्यानेच फुकट उपचार होतात, तेव्हा सर्वांत स्वस्त पॉलिसी घ्या. 2024 च्या नव्या नियमांमुळे जुन्या आजाराचा क्लेम कंपनीला नाकारताच येत नाही. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी) काढलेली पॉलिसी जगभर चालते. क्रेडिट कार्डाबरोबर विमा मिळतो, तो पुरेसा आहे. कंपनी निवडताना फक्त क्लेम सेटलमेंट रेशो, म्हणजे आलेल्यांपैकी किती टक्के क्लेम मंजूर झाले, एवढेच बघा. आणि शेवटची गोष्ट म्हणजे सगळ्या कंपन्या सारख्याच, त्यामुळे अटी वाचण्यात वेळ घालवू नका.

यातली पहिली गोष्ट सर्वांत घातक आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

"कोणी तपासत नाही" हे पॉलिसी विकली जाते त्या दिवसापुरते बहुतेक वेळा खरे असते. ऑनलाइन फॉर्म दहा मिनिटांत भरून होतो, आजार आहे का या प्रश्नापुढे "नाही" वर टिचकी मारली की पैसे भरायचे पान उघडते आणि पॉलिसी ईमेलने येते. तपासणी होते ती क्लेम आल्यावर, आणि त्यासाठी कंपनीला गुप्तहेर नेमावे लागत नाहीत. छातीत दुखते म्हणून माणसाला हॉस्पिटलमध्ये नेले की तिथला पहिला प्रश्न असतो, आधीपासून कोणते आजार आहेत आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत? त्या क्षणी पत्नी किंवा मुलगा खरे तेच सांगतो आणि सांगायलाच हवे, कारण पुढचे औषध त्यावर ठरते. पर्समधून गोळ्यांची पाकिटे काढून नर्सच्या हातात दिली जातात. ते सगळे केसपेपरवर उतरते आणि डिस्चार्जच्या कागदावर अगदी वरच्या ओळीत येते : रुग्णाला बारा वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबावर उपचार चालू. क्लेमच्या टेबलावर बसणारा माणूस फाइल उघडल्यावर सर्वांत आधी हीच ओळ वाचतो आणि नंतर प्रपोजल फॉर्म, म्हणजे विमा घेताना भरलेला अर्ज, काढून शेजारी ठेवतो. मी स्वतः हे शेकडो वेळा केले आहे. एका कागदावर "बारा वर्षे" आणि दुसऱ्यावर "नाही" असे दिसले की कंपनीला नकाराचे पत्र लिहायला दुसरे कारण शोधावे लागत नाही. मग पाय घसरून हाड मोडल्याचा क्लेमसुद्धा वादात सापडू शकतो, कारण मूळ करारच खोट्या माहितीवर झाला, असे म्हणायला कंपनीला जागा मिळालेली असते.

आता याची दुसरी बाजू, जी फॉरवर्ड लिहिणाऱ्याने कधी वाचलेली दिसत नाही. 6 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने युनायटेड इंडिया इन्शुरन्स या सरकारी कंपनीविरुद्ध निकाल दिला. प्रकरण नेमके अशाच प्रवासाचे होते. नात्यातल्या लग्नासाठी 2009 मध्ये अमेरिकेला निघालेल्या एका गृहस्थांनी परदेश प्रवासाची मेडिक्लेम पॉलिसी घेतली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना अशक्तपणा जाणवला आणि घाम फुटला. त्यांना हॉस्पिटलमध्ये नेले, अँजिओप्लास्टी झाली आणि तीन स्टेंट बसवावे लागले. मधुमेह आणि वाढलेले कोलेस्टेरॉल हे आधीपासूनचे आजार आहेत, असे कारण देऊन कंपनीने क्लेम नाकारला. कोलेस्टेरॉलसाठी घेत असलेली गोळी सांगितली नव्हती म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही कंपनीच्याच बाजूने निर्णय दिला. पण त्या गृहस्थांना मधुमेह असल्याचे पॉलिसी देण्यापूर्वी कंपनीपुढे आलेले होते आणि त्यांची वैद्यकीय तपासणीही झालेली होती. सांगितलेला आजार माहीत असताना, तपासणी करून, हप्ता घेऊन एकदा पॉलिसी दिली की नंतर त्याच आजाराकडे बोट दाखवून क्लेम नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आणि कंपनीचा नकार बेकायदा ठरवला. त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितले आहे की, आपल्याला माहीत असलेली महत्त्वाची बाब कंपनीपुढे ठेवणे हे विमा घेणाऱ्याचे कर्तव्य आहे.

हा निकाल त्या गृहस्थांच्या बाजूने लागण्यात मधुमेहाची माहिती आधीच कागदावर होती, या गोष्टीचा वाटा फार मोठा आहे. फॉर्मवर लिहिलेली शुगर ही उद्या तुमच्या हातातला पुरावा असते, आणि फॉरवर्ड तुम्हाला तोच पुरावा स्वतःच्या हाताने फेकून द्यायला सांगतो. आजार लिहिल्यावर हप्ता वाढू शकतो, कंपनी जादा प्रश्न विचारू शकते, एखादी कंपनी पॉलिसी द्यायलाही नकार देईल. हे सगळे निघण्यापूर्वी सांगलीत घडते, तेव्हा दुसरी कंपनी शोधायला वेळ हातात असतो. निकालाबद्दल एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. 2009 च्या आजारपणाचा न्याय मिळायला 2021 उजाडले, म्हणजे मधुमेह सांगूनही त्या गृहस्थांना बारा वर्षे भांडावे लागले, आणि ही गोष्ट विमा व्यवसायाला भूषणावह नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या "फुकट" उपचारांची. अमेरिकेत 1986 पासून एक केंद्रीय कायदा आहे, ज्यानुसार मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेत असलेल्या आणि तातडीच्या सेवेचा विभाग चालवणाऱ्या हॉस्पिटलला आलेल्या प्रत्येक रुग्णाची तपासणी करावी लागते आणि त्याची प्रकृती स्थिर करावी लागते, मग त्याच्याकडे पैसे किंवा विमा असो वा नसो. एवढे खरे आहे, आणि हा कायदा चांगलाच आहे. पण उपचाराआधी पैशांसाठी अडवू नये आणि पैसे घेऊच नयेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा पहिलीच सांगतो. बिल नंतर घरी येते आणि ते एकच येते असेही नाही. हॉस्पिटलचे एक, तपासणाऱ्या डॉक्टरांचे दुसरे, स्कॅन वाचणाऱ्या तज्ज्ञाचे तिसरे, रुग्णवाहिकेचे चौथे, अशी पाकिटे कित्येक आठवडे मुलाच्या टपालपेटीत पडत राहतात. दाखल करताना मुलाने हमीदार म्हणून सही केली असेल तर वसुली त्याच्याकडे येते. शिवाय प्रकृती स्थिर झाली की या कायद्याची सक्ती संपते. त्यापुढची शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी, पुन्हा दाखवायला जाणे, यातले काहीही त्यात येत नाही. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विम्याची अट नाही म्हणून तिथे विम्याची गरजही कमी आहे, असा अर्थ काढणाऱ्याने तिथले एक बिल तरी डोळ्यांनी पाहावे.

तिसरी गोष्ट अर्ध्या माहितीवर उभी आहे. विमा नियामक प्राधिकरणाने 2024 मध्ये नियम बदलले, हे खरे आहे. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) जास्तीत जास्त 48 महिन्यांवरून 36 महिन्यांवर आला, आणि सलग 60 महिने पॉलिसी चालू असेल तर फसवणुकीखेरीज इतर कारणाने क्लेमवर हरकत घेता येत नाही. पण हे नियम आपण दरवर्षी नूतनीकरण करतो त्या आरोग्य विम्याला उपयोगी आहेत. पाच महिन्यांच्या प्रवासाची पॉलिसी पाच महिन्यांनी संपते, तिथे 36 किंवा 60 महिने पूर्ण होण्याचा प्रश्नच येत नाही. बहुतेक प्रवास पॉलिसींमध्ये आधीचा आजार एकतर वगळलेला असतो किंवा जिवावर बेतले तरच, तेही मूळ रकमेच्या एका भागापुरताच धरलेला असतो.

शेंगेनची गोष्ट थोडक्यात. युरोपच्या व्हिसा संहितेचे कलम 15 किमान 30,000 युरोंचे संरक्षण मागते. तातडीचे उपचार, हॉस्पिटल, मायदेशी परत आणणे आणि मृत्यू ओढवल्यास पार्थिव आणणे हे त्यात यावे लागते, आणि ती पॉलिसी सगळ्या शेंगेन देशांत व मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी चालावी लागते. ही व्हिसासाठीची किमान अट आहे. पॉलिसी कोणत्या भूभागासाठी आहे ते तिच्या पहिल्याच पानावर छापलेले असते, आणि केवळ शेंगेनसाठी घेतलेली पॉलिसी अमेरिकेत चालत नाही. क्रेडिट कार्डाबरोबरचा विमा बहुतेक वेळा विमान अपघातातील मृत्यू आणि हरवलेले सामान एवढ्यापुरता असतो, तोही तिकीट त्याच कार्डावर काढले असेल तर. क्लेम सेटलमेंट रेशोचे 98-99 टक्क्यांचे जे आकडे सगळीकडे फिरतात, ते बहुतेक आयुर्विमा कंपन्यांचे मृत्यू-दाव्यांचे असतात. प्रवासात आजारी पडलेल्या माणसाला कोण कसे वागवते, हे त्यावरून कळत नाही.

सातव्या गोष्टीत एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. पॉलिसीचे शब्द सामान्य माणसाला कळू नयेत असेच लिहिलेले वाटतात, आणि कंपन्यांनी हे सुधारायला हवे. 50,000 डॉलरची पॉलिसी म्हणून विकतात, पण साठीच्या पुढच्या प्रवाशाला आत वेगळ्या मर्यादा लागू असतात. खोलीचे भाडे दिवसाला इतकेच, शस्त्रक्रियेला इतकेच, रुग्णवाहिकेला इतकेच, अशी ती उपमर्यादांची यादी शेवटच्या पानांवर असते. पण यातून "वाचू नका" हा निष्कर्ष निघतोच कसा? वाचायचे कारण तेच तर आहे. पॉलिसी घेण्यापूर्वी त्या उपमर्यादा काढून पाहाव्यात, प्रत्येक आजारपणात पहिले किती डॉलर आपल्या खिशातून जाणार हे पाहावे, आधीच्या आजाराला नेमके किती संरक्षण आहे हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्यावे. तिथे मदतीचा फोन कोणती संस्था उचलते आणि दाखल झाल्यापासून किती तासांत कळवावे लागते, हे कागदावर लिहून मुलाच्या फ्रिजवर लावावे. अमेरिकन कंपन्यांच्या पॉलिसी घेणाऱ्यांनी ती ठरावीक रक्कम देणारी आहे की प्रत्यक्ष खर्चाच्या प्रमाणात देणारी, हे आधी विचारावे, कारण ठरावीक रकमेच्या पॉलिसीत आयसीयूच्या एका दिवसाचे मिळणारे पैसे आणि येणारे बिल यांचा मेळ बसत नाही.

आणि नकाराचे पत्र आलेच तर तो शेवट नसतो. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे 50 लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही आणि वकील लागत नाही. मुंबई आणि पुण्यात लोकपालाची कार्यालये आहेत. तक्रारीची मुदत एक वर्षाची आहे, ती मात्र चुकवू नये. लोकपालाच्या टेबलावरही पहिल्यांदा प्रपोजल फॉर्मच उघडला जातो.

ताईचा फॉर्म आम्ही परवा रात्री फोनवर पुन्हा पहिल्यापासून भरला. भावोजींनी गोळ्यांची पाकिटे समोर ठेवून एकेक नाव वाचून दाखवले आणि ताईने ते टाइप केले. पैसे भरायचे पान या वेळी उघडले नाही. कंपनीचे प्रतिनिधी संपर्क साधतील, असे लिहून आले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला आणि त्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट मागवला. हप्ता वाढून आला, दुप्पट नाही. ताईने तो भरला, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत व त्या रिपोर्टचा फोटो न्यू जर्सीला मुलाच्या ईमेलवर पाठवून ठेवला आहे.