तू नक्की कुणाच्या बाजूचा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडचे राजे चार्ल्स आणि पोप लिओ यांनी व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलमध्ये एकत्र प्रार्थना केली. आमच्या वसईच्या ग्रुपांवर तो फोटो दिवसभर फिरत होता, 'पाचशे वर्षांचं भांडण मिटलं' म्हणून. मिटलं असेल तर आनंदच आहे. पण याच चार्ल्सना उद्या स्वतः कॅथलिक व्हावंसं वाटलं, तर सिंहासन सोडावं लागेल. १७०१ चा कायदा अजून जागच्या जागी आहे. २०१३ मध्ये त्यात सुधारणा झाली ती एवढीच, की गादीच्या वारसाने कॅथलिक व्यक्तीशी लग्न केलं तर त्याचा हक्क जात नाही. त्याआधी त्याने मुसलमानाशी, हिंदूशी, नास्तिकाशी लग्न केलेलं कायद्याला चालत होतं. आडकाठी होती ती कॅथलिकाचीच.

भांडणाचं मूळ आठव्या हेन्रीत: लग्न मोडायला पोप तयार होईना, म्हणून त्याने रोमशी फारकत घेऊन इंग्लंडचं चर्च स्वतःच्या हाताखाली घेतलं. त्याच्या बायकांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती पुन्हा सांगत बसत नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्याची मुलगी एलिझाबेथ. ती गादीवर आल्यावर १५५९ मध्ये दर रविवारी सरकारमान्य चर्चमध्ये हजेरी सक्तीची झाली, गैरहजेरीला एक शिलिंग दंड. १५८१ मध्ये तो दंड महिन्याला २० पौंड झाला. साध्या कारागिराची वर्षभराची कमाईही तेवढी नसायची. १५८५ मध्ये पुढचं पाऊल: परदेशात दीक्षा घेतलेला कॅथलिक धर्मगुरू इंग्लंडमध्ये सापडला तर तो राजद्रोही, आणि त्याला घरात आसरा देणाऱ्यालाही फाशी.

यॉर्कच्या खाटीक गल्लीत, शॅम्बल्समध्ये, मार्गारेट क्लिथरो राहत होती. नवरा खाटीक, तो पोपला न मानणारा प्रॉटेस्टंट. बायको घरात चोरून मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, करवून घ्यायची, फादरांना लपवायची. १५८६ मध्ये धाड पडली. कोर्टात तिने 'गुन्हा कबूल' म्हटलं नाही, 'नाकबूल'ही म्हटलं नाही. खटला उभा राहिला असता तर तिच्याच मुलांना आईविरुद्ध साक्षीला आणलं असतं. उत्तर न देणाऱ्या आरोपीला तेव्हाच्या कायद्यात एक शिक्षा होती. तिला उताणं निजवलं, पाठीखाली धारदार दगड ठेवला, अंगावर दार टाकलं आणि त्या दारावर वजनं चढवत गेले. पंधरा मिनिटांत संपलं. तारीख २५ मार्च. आज त्या गल्लीत पर्यटकांची झुंबड असते आणि तिच्या नावाचं छोटं प्रार्थनास्थळ आहे.

पकडलेल्या धर्मगुरूंना त्या काळी एक ठरलेला प्रश्न विचारला जायचा: उद्या पोपने सैन्य पाठवून इंग्लंडवर स्वारी केली, तर तू कुणाच्या बाजूने लढशील? पोपचं नाव घेतलं तर राजद्रोही. राणीचं नाव घेतलं, तर मग पोपला मानतोस तरी कशाला? गप्प राहिलं तर संशय पक्का. कॅथलिक त्याला 'ब्लडी क्वेश्चन', रक्तरंजित प्रश्न, म्हणायचे. माझ्या मते इंग्लंडमधल्या धर्मस्वातंत्र्याचा सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे. राणीचा मंत्री लॉर्ड बर्ली तर १५८३ मध्ये पुस्तिका छापून जगाला सांगत होता की आम्ही कुणाला धर्मासाठी मारत नाही, राजद्रोहासाठी मारतो. किती सोयीचं! आधी श्रद्धेलाच राजद्रोह ठरवायचं, मग शिक्षा देशप्रेमाच्या नावाने द्यायची.

आता दुसरी बाजू, नाहीतर आमचेच कॅथलिक लोक म्हणतील की बरं झालं, आपल्या बाजूने लिहिलं. राणीची भीती उगाच नव्हती. १५७० मध्ये पोप पाचवे पायस यांनी तिला धर्मबहिष्कृत करून प्रजेला तिच्या आज्ञेतून मोकळं केलं. म्हणजे रोममध्ये बसून एका फर्मानाने इंग्लंडमधल्या गरीब कॅथलिकांच्या गळ्यात दोर अडकवला. १५८८ मध्ये कॅथलिक स्पेनचं आरमार चालून आलं, आणि राणीच्या मृत्यूनंतरही, १६०५ मध्ये, कॅथलिक कटवाल्यांनी पार्लमेंटच्या तळघरात ठेवलेली बंदुकीच्या दारूची पिंपं सापडली. आणि एलिझाबेथच्या आधीच्या कॅथलिक मेरीने पाच वर्षांत जवळजवळ २८० प्रॉटेस्टंट जिवंत जाळले होते.

थॉमस स्टीफन्स याच इंग्लंडमधून बाहेर पडला. विल्टशरचा माणूस. त्याच्या मित्राला श्रद्धेपायी तुरुंगात टाकलं, हा रोमला जाऊन जेजुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचा सदस्य, झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. मायदेशी परतला असता तर १५८५ नंतर फाशीच होती. त्याने गोव्यातल्या साष्टीत आयुष्य काढलं, मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. मराठीचे गोडवे गाताना आपण सगळे त्याची 'हरळांमाजि रत्नकिळा' उद्धृत करतो. पण तो जिथे आला त्या गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची झडती घेऊन शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, चालू होतं. देवळं पाडली जात होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेजुइटांना मारलं. मग पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याला बोलावून ठार केलं. एका देशात ज्याचा धर्म गुन्हा, तोच माणूस दुसऱ्या देशात छळणाऱ्यांच्या गोटात. स्टीफन्सचा मला आदर आहे, तरी हे लिहायलाच हवं.

इंग्लंडमध्ये कॅथलिकांना पार्लमेंटचं दार उघडणारा कायदा झाला तो १८२९ मध्ये, आणि तेही कुणाचं मन पाझरलं म्हणून नव्हे. १८२८ मध्ये आयर्लंडच्या क्लेअरमधून डॅनियल ओ'कॉनेल पोटनिवडणूक जिंकला. कॅथलिकाला निवडणूक लढवायला बंदी नव्हती. पार्लमेंटमध्ये बसायचं तर मिस्सा म्हणजे अंधश्रद्धा आणि मूर्तिपूजा असं जाहीर करावं लागे, तिथे अडायचं. आता याला बाहेर ठेवलं तर आयर्लंड पेटेल, हे पंतप्रधान वेलिंग्टनने ओळखलं. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन, कडवा टोरी, म्हणजे परंपरावादी पक्षाचा. या विधेयकापायी त्याने एका लॉर्डशी बॅटर्सीच्या मैदानात पिस्तुलाचं द्वंद्वसुद्धा खेळून घेतलं, पंतप्रधान असताना! राजा चौथ्या जॉर्जने कुरकुरत सही केली. आणि किंमत कुणी मोजली? आयर्लंडमधल्या छोट्या शेतकऱ्यांनी. ज्यांनी ओ'कॉनेलला निवडून दिलं, त्यांचाच मताचा हक्क त्याच दमात काढून घेतला: मालमत्तेची अट ४० शिलिंगांवरून, म्हणजे २ पौंडांवरून, १० पौंडांवर नेली. वकील-जमीनदारांना खुर्च्या मिळाल्या, कुळांना काय मिळालं? हा सौदा शाळेच्या पुस्तकात नसतो.

आज ब्रिटनमध्ये कॅथलिक म्हणून कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. उत्तर आयर्लंड वगळून बोलतोय, तिथली जखम वेगळी. टोनी ब्लेअर मात्र पंतप्रधानपदावरून पायउतार झाल्यावरच, २००७ मध्ये, कॅथलिक झाले. त्यांनी वाट का पाहिली असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

तो जुना प्रश्न मात्र गेला नाही, विचारायची माणसं बदलली. १९९० मध्ये टोरी नेते नॉर्मन टेबिट म्हणाले, ब्रिटनमधल्या आशियाई लोकांची परीक्षा सोपी आहे, क्रिकेटमध्ये ते कुणाला टाळ्या वाजवतात ते बघा. मॅच आणि स्वारी यांत फरक आहे, पण विचारणाऱ्याचा सूर तोच. हा सूर आपल्याकडेही चांगलाच परिचयाचा आहे, जास्त बोलत नाही.

आणि परवा-परवाची गोष्ट. इंग्लंडमध्ये गर्भपात केंद्रांभोवती १५० मीटरच्या आत निदर्शनांना बंदी आहे. ती मला पटते. आत जाणाऱ्या बाईला कुणी अडवू नये, खजील करू नये. पण हा देशभराचा कायदा येण्याआधी, अशाच एका स्थानिक बंदीखाली, बोर्नमथमध्ये एक माणूस मान खाली घालून गप्प उभा होता आणि त्याला गणवेशातल्या अधिकाऱ्याने विचारलं, तुमच्या प्रार्थनेचं स्वरूप काय? तुम्ही इथे उभे राहू नका, म्हणा. नाही हलला तर दंड करा. मनात काय चाललंय हे विचारायचा अधिकार त्या गणवेशाला कुणी दिला?

गर्भपाताबद्दल माझं मत काय, हे कमेंटमध्ये विचारू नका. तो या पोस्टचा विषय नाही. कुंकळ्ळीबद्दल कुणाकडे घरातल्या, गावातल्या आठवणी असतील तर जरूर लिहा.