कमी झालेल्या प्रत्येक सेकंदाला बक्षीस

वाद पेटला तो कोचच्या एका तक्रारीवरून. त्याच्याकडे पोहायला येणाऱ्या तेरा वर्षांच्या एका मुलीला वडिलांनी सांगून ठेवलंय, की टायमिंग सुधारलं की दर वेळी पैसे मिळतील. "सुरुवातीला पोरगी नुसती सुटली होती," कोच म्हणाला. "आता तोंड पाडून येते. शेवटचे सेट, म्हणजे सरावाच्या शेवटच्या फेऱ्या, कशाबशा ढकलते. मोटिव्हेशनच गेलंय तिचं. कुठून आणायचं ते सांगा."

"स्पर्धेत उतरव," लांब्या म्हणाला. तो लांब पल्ल्याचं पळतो, आणि शेजारी कुणी पळत असेल तर त्याला दुसरं काही लागत नाही. "ईर्षा हवी. 1898 मध्ये नॉर्मन ट्रिपलेटने सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या, तर एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवणाऱ्यांपेक्षा सोबत कुणी असलेले जोरात जात होते. सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही."

ताई फिजिओथेरपिस्ट आहे. कंटाळलेले गुडघे आणि कंटाळलेली माणसं ती रोज बघते. "ते शर्यतीच्या दिवसाचं झालं रे. कोच मंगळवारच्या सरावाचं विचारतोय. आणि त्या पोरीचा जोश गेलाय असं धरूनच का चालायचं? पैशांनी तो खाल्ला असेल."

मग तिने 1973 चा तो प्रयोग सांगितला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना चित्रं काढायला मनापासून आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रांना देत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

"म्हणजे बक्षीस वाईट नाही, आधी केलेला सौदा वाईट," लांब्या म्हणाला.

"बरोबर. आणि शाबासकी तर चालतेच. डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी 1999 मध्ये 128 प्रयोग एकत्र करून पाहिले. काम करण्यावर किंवा चांगलं करण्यावर लावलेली वस्तू-पैशांची बक्षिसं आतली ओढ कमी करतात, पण 'हे छान जमलं' असं नेमकं सांगितलं तर ती वाढते."

इथे काका मध्ये पडले. काका जुने खेळाडू, सरांच्या धाकात वाढलेले. "हे सगळं बालवाडीत ठीक आहे. वर जायचं तर कुणीतरी मानगुटीवर बसावंच लागतं. आंद्रे आगासी बघा. टेनिसचा तिरस्कार करत होतो, असं त्याने 2009 च्या आत्मचरित्रात स्वतः लिहिलंय. बाप हात धुऊन मागे लागलेला. तरी आठ ग्रँड स्लॅम जिंकला की नाही?"

"काका, तुम्ही एकाचं नाव सांगितलंत," ताई म्हणाली. "तशाच धाकात वाढून सोळाव्या वर्षी मैदान कायमचं सोडलेल्या मुलांची नावं कोण लिहून ठेवतो?"

काका गप्प बसले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. ते म्हणाले, "आवड आवड करता, पण शिकताना पहिली दोन वर्षं खेळ आवडण्यासारखा नसतोच. पाण्यात श्वास चुकतो, खांदे भरून येतात. तेव्हा कुणी ओढलं नाही, तर आवड लागेपर्यंत मूल टिकणार कसं?" खरंय. सुरुवातीला बाहेरचा हात लागतो. प्रश्न तो हात कधी काढायचा याचा आहे, आणि बहुतेक आईबाप तो काढतच नाहीत.

पण मला खरी मेख दुसरीकडेच दिसत होती. मी कोचला विचारलं, सध्या तिचा सराव कसा चाललाय? म्हणाला, भरपूर अंतर, हंगामाचा सगळ्यात जड टप्पा. मग टायमिंग सुधारेल कसं? जड सरावात शरीर थकलेलं असतं, तेव्हा वेळ वाढतेसुद्धा. स्पर्धेआधीचे दोन-तीन आठवडे सराव हलका केला की साठलेली मेहनत बाहेर येते. त्यात हे वाढीचं वय. उंची, वजन, शरीराची ठेवण बदलते आणि चांगल्या मुलींचंही टायमिंग महिनोन् महिने अडकून राहतं. म्हणजे वडिलांच्या हिशोबात सगळ्यात जास्त घाम गाळते त्या महिन्यात हातात शून्य, आणि पैसे मिळणार ते सराव कमी झाल्यावर. तिने यातून काय शिकावं? मला त्या पोरीसाठी वाईट वाटलं. तिला आळशी ठरवणं सरळसरळ अन्याय आहे.

"मग तिला एकदा बसवून चांगलं भाषण देतो," कोच म्हणाला.

ताईने लगेच अडवलं. इंग्लंडमधल्या मिल्न, ऑर्बेल आणि शीरन यांचा 2002 चा अभ्यास तिच्या तोंडपाठ आहे, कारण तिच्या पेशंटना ती तेच करायला लावते. विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा तरी किमान वीस मिनिटं जोरकस व्यायाम करायचा होता. काहीच न करता सोडलेल्या गटात 38 टक्क्यांनी केला. हृदयरोगाची माहिती देऊन प्रेरणा दिलेल्या गटात 35 टक्क्यांनी. तीच माहिती देऊन शिवाय 'अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी' एवढं लिहून घेतलं, तिथे 91 टक्क्यांनी.

लांब्या बराच वेळ त्या आकड्यांवर अडला. "एका ओळीने एवढा फरक?"

"इच्छा त्या दुसऱ्या गटातही वाढली होती," ताई म्हणाली. "इच्छा आणि पाण्यात उडी यांच्यामधलं अंतर भाषणाने कापलं जात नाही."

मला अभिनव बिंद्रा आठवला. 2008 साली बीजिंगला भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण, आणि त्यानंतर आलेल्या पोकळीबद्दल तो जाहीरपणे बोललाय. पदक हेच एकमेव कारण असेल तर पदक मिळाल्यावरही कारण संपतं. म्हणून मी कोचला म्हटलं, तिच्या हातातल्या गोष्टी मोज. भिंतीला टर्न मारल्यावर पाण्याखाली किती अंतर जाते, पन्नास मीटरला किती हात मारते, शेवटच्या सेटमध्ये स्ट्रोक, म्हणजे हात मारायची पद्धत, टिकतो का. यात थकलेल्या आठवड्यातही सुधारणा दिसू शकते, आणि आपल्याला जमतंय हे दिसण्याइतकी टिकाऊ प्रेरणा मला दुसरी माहीत नाही. आणि एखादा सेट तिला निवडू दे.

"निवडू दे?" काका उसळले. "तेरा वर्षांची पोर सराव ठरवणार?"

कोच थोडा नरमला होता. वॉर्म-अप आणि शेवटचा सेट मुलांनी निवडावा, मुख्य सेट मात्र त्याचाच, इथवर तो आला. ताईचं म्हणणं, मुख्य सेटमध्येही दोन पर्याय ठेव, दोन्ही तूच आखलेले. कोच म्हणाला, मुलं सोपा उचलतील. लांब्या म्हणाला, मग दोन्ही सारखेच जड ठेव.

वडिलांशी बोलायचं कुणी, यावर मात्र एकमत झालं नाही. कोचला वाटतं, घरच्या पैशांत त्याने पडू नये. मला वाटतं, तोच बोलू शकतो. जड टप्पा कधी आणि हलका कधी, याचा तक्ता त्याच्याकडे आहे. तो वडिलांसमोर ठेवावा आणि दाखवावं, की पुढचे सहा आठवडे टायमिंग बघायचंच नाहीये.