खुलासा : 'लाइन ऑफ ड्यूटी'तला 'एच' हेस्टिंग्स नाही

('लाइन ऑफ ड्यूटी' या ब्रिटिश पोलीस मालिकेचा शेवट सांगावा लागतोय. मालिका पाहायची असेल तर इथेच थांबा.)

फोंड्यातल्या आमच्या नाट्यमंडळाच्या ग्रुपवर रविवारी मी लिहिलं होतं, की पोलीस खात्यातला छुपा भ्रष्ट माणूस 'एच' म्हणजे भ्रष्टाचारविरोधी पथकाचा प्रमुख टेड हेस्टिंग्सच. तेव्हा पाचवा सीझन मी पुरता पाहिला नव्हता. आता तो मेसेज पेडण्यापर्यंत पोचलाय आणि त्याला 'लेखकानेच कबूल केलं' असं शेपूट लागलंय. ते वाक्य माझं नाही.

आता पूर्ण मालिका पाहिली. माझा घोटाळा एका शब्दावरून झाला. 'डेफिनेटली' लिहिताना 'एच' इंग्रजी 'आय'च्या जागी 'ए' घालतो. हेस्टिंग्सही तसंच लिहितो, पण ते मुद्दाम, गुन्हेगारी टोळीशी 'एच' बनून बोलताना. आणि 'एच' हे आद्याक्षरच नव्हे! मोर्स संकेतात एच म्हणजे चार टिंबं. मरणाऱ्या कॉटन या भ्रष्ट पोलीस अधिकाऱ्याने बोटांनी तेच सुचवलं होतं : टोळीला सामील असलेली आतली माणसं चार. चौथा कोण, ते 2 मे 2021 च्या सहाव्या सीझनच्या शेवटच्या भागात उघड होतं. तो पोलीस अधिकारी इयन बकल्स. तीच स्पेलिंगची चूक त्याला पकडून देते.

पेडण्याच्या मावशींनी माझ्या मेसेजमुळे मालिका अर्ध्यावर सोडली, याचं फार वाईट वाटतं. मावशी, हेस्टिंग्स निर्दोष नसेल, पण 'एच' नाही. जरूर पाहा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.