वॉचमन नाही म्हणायचं, सिक्युरिटी प्रोफेशनल म्हणायचं

बारावी झाली, पोलीस भरतीला दोनदा जाऊन आलात, एकदा गोळा मेला हातातून भलतीकडेच गेला आणि एकदा उंचीच १६३ भरली, तिथे पुरुषांना १६५ लागते, आता घरी जेवताना कोणी काही बोलत नाही म्हणजे खरं तर सगळेच बोलतायत. अशा वेळी एसटी स्टँडसमोर तो बॅनर दिसतो. काळा कोट, काळा गॉगल, कानात वायर, आणि खाली 'डिप्लोमा इन सिक्युरिटी अँड इन्व्हेस्टिगेशन, १०० टक्के प्लेसमेंट'. अजिबात मागेपुढे बघू नका, लगेच ॲडमिशन घ्या. मी घेतली होती, फर्स्ट क्लासमध्ये पास आहे, त्यामुळे सल्ला द्यायचा हक्क माझ्याकडे आहे.

पहिलं काम, घरी कायदा कोणाला वाचू देऊ नका. २००५ चा केंद्राचा कायदा आहे खाजगी सुरक्षा एजन्सीवाला, त्यात म्हटलंय की गार्डला ट्रेनिंग मिळतंय की नाही हे बघायची जबाबदारी एजन्सीची. आणि नियमात ते ट्रेनिंग मोजूनही दिलंय, १०० तास वर्गात, ६० तास फील्डवर, कमीत कमी २० दिवसांत बसवायचं. फौजेतून आलेल्याला तर ४० आणि १६ तासांत सोडतात. आता हे एवढंसं पिठलं वर्षभर पुरवून वाढायचं म्हणजे खायचं काम नाहीये, त्यात पाणी घालायलाही डोकं लागतं, म्हणून मग पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट येतं, कम्युनिकेशन स्किल येतं, 'पर्यावरण आणि सुरक्षा' असा एक पेपर येतो ज्यात आम्ही झाडांची नावं पाठ केली. एवढी मेहनत कोणी फुकट करणार नाही. आमच्याकडे आईच्या पाटल्या होत्या, तुमच्याकडे काय आहे ते बघून ठेवा.

शरीराची मात्र काळजी करू नका. नियमाप्रमाणे पुरुषाला उंची १६० लागते, छाती ८०, फुगवली की ४ सेंटीमीटर वाढली पाहिजे, आणि एक किलोमीटर सहा मिनिटांत पळता आलं पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्यातरी टेपला पुरलो, डोळ्यात पाणी आलं हो. का पळायला शिकवतात ते पुढे कळलं, पहिली शिफ्ट संपायच्या आत दुसऱ्या पॉइंटवर डबल ड्युटीला पोचायचं असतं.

अभ्यासक्रम एक नंबर आहे, त्यात मी मस्करी करत नाहीये. नियमातच लिहिलंय की गार्डला बॉम्बसदृश वस्तू ओळखता यायला हवी, गर्दी आवरता यायला हवी, आग विझवता यायला हवी, प्रथमोपचार यायला हवेत, पासपोर्ट आणि ओळखपत्रं तपासता यायला हवीत, पोलीस आणि लष्कराच्या खांद्यावरच्या पट्ट्या बघून हुद्दा सांगता यायला हवा. आणि इंग्रजी मुळाक्षरं नि आकडे वाचता यायला हवेत. आमच्या बॅचला एक एमए झालेला होता, त्यालाही फळ्यासमोर उभं करून ए टू झेड म्हणायला लावलं, त्याने न चुकता म्हटलं, टाळ्या पडल्या.

शिकवायला रिटायर सुभेदार साहेब होते. माणूस सोन्यासारखा, पण कॉलेजने त्यांना सामान काहीच दिलं नव्हतं. बॉम्बच्या लेक्चरला त्यांनी स्वतःचाच जेवणाचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा बेवारस आहे असं समजा." समजलं. एक वाजता त्यांनी तो उघडून खाल्ला. आगीच्या प्रॅक्टिकलला खराखुरा लाल सिलेंडर होता, पण दाबायचा नाही, रिफिलला पैसे पडतात असं ऑफिसने बजावलं होतं. मग पिन ओढल्यासारखी करायची, नळी आगीच्या बुडाकडे धरायची, आणि तोंडाने फुस्स म्हणायचं. तीस पोरं ओळीने फुस्स. माझा फुस्स बारीक आला म्हणून साहेबांनी परत करायला लावला. अजून कुठे धूर दिसला की हाताच्या आधी तोंडातून तेच निघतं.

कायद्याचा पेपर सोपा असतो, फक्त झेरॉक्स कधीची आहे ते बघायचं नाही. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाची शिक्षा ३०२ मधून उठून १०३ मध्ये जाऊन बसली, पण नोट्समध्ये भारतीय दंड संहिताच जिवंत आहे. एका हुशार पोराने १०३ लिहिलं, त्याचे दोन मार्क गेले. तुम्ही मुकाट ३०२ लिहा, कोर्टाचं कोर्ट बघून घेईल.

फोटोसेशनच्या दिवशी खांद्यावर दोन स्टारवाला खाकी ड्रेस मिळाला तर नाही म्हणू नका, स्थळं बघायला तोच फोटो चालतो. फक्त तो घालून बाहेर हिंडू नका. पोलीस किंवा फौजेसारखा दिसणारा ड्रेस गार्डने घातला तर त्याच २००५ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि हे कलम आम्हाला ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी आम्ही सगळे त्याच ड्रेसमध्ये बसलो होतो.

दुसरी सेमिस्टर इन्व्हेस्टिगेशनची. खरी मजा इथे आहे. गार्डसाठी निदान कायदा तरी आहे, डिटेक्टिव्हसाठी तोही नाही. २००७ साली राज्यसभेत खाजगी डिटेक्टिव्ह एजन्सींच्या नियमनाचं बिल आलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. म्हणजे लायसन नाही, परीक्षा नाही, उद्या सकाळी तुम्ही कार्ड छापलंत की झालात डिटेक्टिव्ह, आणि नेमकं त्याचंच सर्टिफिकेट कॉलेज देतंय, आता याला धंद्याची अक्कल म्हणायचं नाही तर काय. सिलॅबसमध्ये ठसे होते, रक्ताचे डाग होते, हस्ताक्षर होतं. बाहेर आलेल्या सिनियरला विचारलं तर म्हणाला मुलगा दारू पितो का, पगार खरा सांगितलाय का, आधीचं काही लफडं आहे का, एवढंच. सगळं लग्नाआधीच्या चौकशीचं काम. हे तर आमची आत्या पन्नास वर्षं करतेय, कोर्स न करता, फक्त हळदीकुंकवाच्या जोरावर. आणि मोबाईलचा सीडीआर, म्हणजे कोणी कोणाला कधी फोन केला त्याची यादी, काढून देतो असा शॉर्टकट कोणी सांगितला तर त्या वाटेला जाऊ नका बरं, २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी त्यावरूनच खाजगी डिटेक्टिव्ह आत घातले होते. तुम्हाला साध्या नागरिकापेक्षा एकही जास्तीचा अधिकार नाही, फक्त पाठलाग करताना पेट्रोल तुमचं.

मग प्लेसमेंट. १०० टक्के म्हणजे १०० टक्के, कॉलेज शब्दाला जागतं. कॅम्पसला एजन्सीचा सुपरवायझर येतो, बुटापासून केसापर्यंत बघतो आणि विचारतो, "नाईट करशील का?" वर्षभराचा अभ्यास या एका प्रश्नात तपासला जातो. गावाकडे सगळे विचारतात बोर्डात लागला का, म्हणजे १९८१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातलं सुरक्षा रक्षक मंडळ. तुम्ही नुसतं हसायचं, कारण तुम्ही लागलेले असता खाजगी एजन्सीत. एजन्सीत ड्रेसचे पैसे पहिल्या पगारातून कापतात, आठ तासांचा हिशेब कागदावर आणि बारा तासांचा गेटवर, डिप्लोमा फाईलमध्ये घालून सुपरवायझरला दाखवला तर तो म्हणतो आधार कार्ड दे आधी.

आणि गेट. इथे तुमचं सगळं शिक्षण कामाला येतं. पासपोर्ट तपासायला शिकलात ना, इथे दिवसाला शंभर डिलिव्हरीवाले येतात, त्यातला एक जरी पासपोर्ट घेऊन आला तर मला कळवा. हुद्दे पाठ केलेत, पण सगळ्यात मोठा हुद्दा इथे सेक्रेटरीच्या मेव्हण्याचा, त्याच्या खांद्यावर काहीच नसतं आणि तो काच खाली करत नाही, नुसता हॉर्न देतो. रजिस्टर तर जपून ठेवण्यासारखं असतं. सकाळी पहिला कुरिअरवाला नाव, नंबर, फ्लॅट, वेळ, सही सगळं लिहितो, आणि त्याच्या खालचे बत्तीस जण सगळ्या रकान्यांत दोन-दोन टिंबं काढून वर जातात. सहीच्या रकान्यातसुद्धा. म्हणजे कागदोपत्री आमच्या सोसायटीत दिवसभर एकच माणूस तेहतीस वेळा आला आणि एकदाही बाहेर पडला नाही. हा रिपोर्ट मी इन्व्हेस्टिगेशनच्या फॉरमॅटमध्ये लिहून चेअरमन साहेबांना दिला होता, त्यांनी त्यावर दूधवाल्याचा हिशेब केला.

एक धडा तेवढा सिलॅबसमध्ये नाही, तो माझ्याकडून घ्या. गेटवरची खुर्ची ही कोणाच्यातरी घरून निघालेली प्लास्टिकची असते आणि तिचा एक पाय तुटलेला असतो. नवी मागायची नाही, मागितली की मीटिंगमध्ये ठराव होतो की बसल्यावर गार्डला झोप लागते, म्हणून आहे तीही काढून घ्या. माझ्या आधीच्या काकांनी जाताना चार्जमध्ये टॉर्च, शिट्टी, काठी दिली आणि मग इकडेतिकडे बघून झुडपामागून अर्धी वीट काढून दिली. तुटका पाय डावीकडे येतो, वीट उभी नाही, आडवी लावायची, आणि सहाच्या आत परत झुडपात, कारण सकाळच्या फेरफटक्याला निघालेल्या ४०२ च्या आजोबांना ती दिसली की ते विचारतात ही आपल्या गार्डनची तर नाही ना.